नगरसेवकाचे उन्हाळी पत्रक

(संस्थेच्या उन्हाळी अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात दोन शब्द बोलावेत असे कार्यवाहांनी आम्हांस सांगितले, तेव्हा विषय कोणता असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "तुम्हाला जो सुचेल तो." आम्ही पडलो बँकेतील कारकून. लोकांची पासबुके भरून देणे, धनादेशाच्या तारखा तपासणे, सही जुळते की नाही पाहणे, यात आयुष्याची वीसेक वर्षे गेली. कला शाखेची पदवी घेतली ती राज्यशास्त्र विषय घेऊन, पण पुढे त्या राज्यशास्त्राचा उपयोग खात्यातील परीक्षेपुरताच झाला. तेव्हा मोठ्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, हे आम्ही जाणतो.

त्याच दिवशी संध्याकाळी कामावरून घरी आलो, तर दाराच्या फटीतून कोणीतरी एक चारपानी रंगीत पत्रक आत सरकवून गेले होते. वर नगरसेविकाताईंचे हात जोडलेले छायाचित्र, खाली "आपल्या प्रभागातील उन्हाळी कामांचा अहवाल" असे ठळक अक्षरांत. बंधूंनो, विषय आपण होऊन दारी आला होता. आज आम्ही बोलणार आहोत ते या चार पानांवर.

आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल. पत्रकात ऐकण्यासारखे काय आहे? खरे सांगायचे तर आम्हीही पूर्वी तसेच समजत होतो. मागील नगरसेवकांची अशी पत्रके दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात येत. आमच्या घरी ती फडताळात डब्यांखाली अंथरली जात. कागद गुळगुळीत असल्याने तेलाचा डाग लवकर उतरत नसे, एवढाच त्यांचा गुण. मे महिन्यात अर्धी चाळ गावी गेलेली, तेव्हा कित्येक पत्रके कुलूपबंद दाराआड पडून राहत आणि जूनमध्ये गावाहून परतलेली मंडळी ती आंब्याच्या साली गुंडाळण्यास वापरत. कोणी वाचली नाहीत, कोणी प्रश्न विचारला नाही.

मग पत्रके बंद झाली. दिनांक ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. प्रभागांची रचना आणि आरक्षण या प्रश्नांवरून निवडणूक न्यायालयात अडकली आणि दुसऱ्या दिवसापासून महापालिकेचे आयुक्त हेच प्रशासक झाले. १९८४-८५ नंतर मुंबईवर ही पाळी प्रथमच आली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. विद्यार्थी मित्रांनो, आता बोटे मोजा. २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५, असे चार उन्हाळे या शहराने २२७ पैकी एकाही नगरसेवकाविना काढले. पूर्वीचे नगरसेवक आपापल्या कार्यालयांत बसत होते, लोक त्यांच्याकडे जातही होते. पण "माजी" हा शब्द नावामागे लागला की विभाग कार्यालयातील शिपाईसुद्धा खुर्ची पुढे करीत नाही, हे आपण पाहिले आहे.

आम्ही बँकेतले, म्हणून आकड्याकडे आमचे लक्ष आधी जाते. २०२२-२३ साठी महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला गेला तो ४५ हजार ९४९ कोटी रुपयांचा. २०२५-२६ चा झाला ७४ हजार ४२७ कोटींचा. मधल्या तीन वर्षांचे अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडले आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर केले. आमच्या बँकेत एकाच माणसाने धनादेश लिहावा आणि त्यानेच तो पास करावा असे घडले, तर दुसऱ्या दिवशी तपासनीस दारात उभा राहील. आयुक्तांनी पैसे वाईट खर्च केले असे आम्ही म्हणत नाही. अधिकारी प्रामाणिक आणि कष्टाळू असू शकतो. पण आमच्या गल्लीत काय होणार, काय राहिले आणि का राहिले, हे आम्हांस येऊन सांगण्याचे बंधन त्याच्यावर कोणी घातले नव्हते.

याचा अर्थ आम्हांस कळला तो जून २०२४ मध्ये. ती गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे.

त्या वर्षी तलावांतील साठा खालावला म्हणून ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागू झाली. दहा टक्के म्हणजे दहा हंड्यांमागे एक हंडा कमी, असा आमचा भाबडा हिशोब. पण दुसऱ्या आठवड्यात आमच्या चाळीच्या नळाला पहिली दहा मिनिटे पिवळट पाणी येऊ लागले आणि त्याला गटाराचा वास. बायकांनी पहिले पाणी सोडून द्यावयास सुरुवात केली. म्हणजे कपातीत उरलेल्या पाण्यातूनही आणखी पाणी गेले. तक्रार करायची कोठे? १९१६ क्रमांकावर दूरध्वनी केला, तक्रारीचा आकडा मिळाला. विभाग कार्यालयात गेलो, तर जलखात्याच्या टेबलावरून मलनिःसारणाच्या टेबलावर आणि तेथून पुन्हा जलखात्याच्या टेबलावर. एकाने सांगितले की नळ तुमचा, गळती तुमच्या हद्दीत. पूर्वी अशा वेळी चाळीतील कोणीही रात्री नगरसेवकाचे दार वाजवी आणि सकाळी चावीवाल्याबरोबर कनिष्ठ अभियंता गल्लीत उभा राही. या खेपेस दार वाजवावे असे घर नव्हते. अकराव्या दिवशी रस्ता खोदला गेला, गळका सांधा सापडला. तोवर आमच्या मजल्यावरील दोन मुलांना कावीळ झाली होती. त्यांतील एक दहावीच्या वर्गात नुकतीच गेलेली मुलगी होती. ती आज येथे बसली आहे. तिने त्या वर्षी तीन महिने शाळा बुडवली आणि तरीही ती पास झाली, हे सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो. परंतु ती आजारी पडावयाची काही आवश्यकता नव्हती.

पाणी घाण का झाले ते समजून घ्या, कारण दर उन्हाळ्यात ही भीती असते. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते, ठरावीक वेळेपुरते येते. पाणी चालू असताना नळीत दाब असतो, त्यामुळे कोठे भोक असले तर पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आत पोकळी निर्माण होते आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. जुन्या वस्त्यांत पाण्याची नळी गटाराला लागून, कधी गटारातूनच गेलेली असते. कपातीच्या दिवसांत दाब आणखी कमी आणि नळी रिकामी राहण्याचा वेळ अधिक. म्हणून पाणीकपात ही केवळ पाणी कमी होण्याची गोष्ट नाही. ज्याची नळी जुनी, त्याच्या घरी ती आजारपण घेऊन येते. उंच इमारतीत टाकी आहे, गाळणयंत्र आहे. कपात सर्वांना दहा टक्के असली तरी तिचा त्रास सर्वांना सारखा होत नाही.

तर बंधूंनो, या उन्हाळ्यात ते पत्रक हातात आले तेव्हा डब्याखाली घालण्याचे धाडस झाले नाही. आम्ही ते दिवा लावून, चष्मा लावून, पासबुक वाचतात तसे ओळीने वाचले.

पहिल्याच पानावर होते, "प्रभागातील पाणीपुरवठा सुरळीत." हे वाक्य आहे, नोंद नव्हे. पासबुकात "आपली शिल्लक समाधानकारक" असे छापून आले तर आपण चालवून घेऊ का? पाण्याचा हिशोब आपल्यालाही करता येतो. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून मुंबईला पाणी येते. सातही भरले की वापरता येण्याजोगे पाणी होते १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. शहराला रोज सुमारे ३ हजार ९०० दशलक्ष लिटर दिले जाते. म्हणजे साठ्यातील एक टक्का म्हणजे शहराचे पावणेचार दिवसांहून थोडे कमी. वर्तमानपत्रात वीस टक्के साठा आहे असे वाचले की समजावे, अडीच महिन्यांच्या आतबाहेर पाणी आहे, आणि उन्हाने वाफ होऊन जाते ते त्यातून वजा. सातवीतील मुलाला जमेल असे हे गणित आहे. नगरसेवकाने पत्रकात सांगावयाचे ते हे की आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येते, किती वेळ राहते, कोणत्या गल्लीतील नळी कोणत्या वर्षी टाकली आणि कोणती बदलावयाची आहे. आमच्या गल्लीच्या नळीचा उल्लेख चार पानांत कोठेही नव्हता. २०२४ मध्ये सांधा जोडला, नळी जुनी ती जुनीच.

येथे थोडे विषयांतर करतो. हे सात तलाव म्हणताना आपल्याला वाटते की पाणी आपले. त्यांतील मोठे तलाव ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात, तेथील आदिवासी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आपण नळ उघडा टाकतो तेव्हा हे आठवावे एवढेच.

दुसऱ्या पानावर "नालेसफाई ९० टक्के पूर्ण" असे होते. हा आकडा फसवा आहे, आणि तो छापणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसते की तो का फसवा आहे. टक्के कशाचे? नाल्यात असलेल्या गाळाचे नव्हेत. वर्षभरात किती गाळ काढावयाचा याचे उद्दिष्ट आधी ठरते, त्यातील मोठा हिस्सा ३१ मेपूर्वी काढावयाचा असतो, आणि ट्रकमधून वजनकाट्यावर गेलेला गाळ त्या उद्दिष्टाशी ताडला जातो. म्हणजे उद्दिष्टच कमी धरले असेल तर शंभर टक्के सफाई होऊनही नाला भरलेला राहील. शिवाय वजन गाळाचे की मातीचे आणि डेब्रिजचे, हा वाद निराळा. मिठी नदीतील गाळाच्या कामाबद्दल २०२५ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला, तो याच जातीच्या आरोपांवरून. तेव्हा टक्के वाचू नका, नाल्याच्या काठी जाऊन उभे राहा. पाणी वाहते आहे की थांबले आहे, हे पाहावयास पदवी लागत नाही.

या गोष्टीला उशीर परवडत नाही, हे आपण गेल्या वर्षी पाहिले. २६ मे २०२५ रोजी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. यापूर्वीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे होती. सरकारी मुदत ३१ मेची आणि पाऊस २६ मेलाच दारात. वरळीचे आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते, तेथे पाणी शिरले. हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी येथील पाणी उपसण्याची यंत्रणा वेळेवर चालली नाही म्हणून चालकांना महापालिकेने दंड केला. हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट. त्यातून भरतीची वेळ असली की समुद्राची पातळी गटारांच्या तोंडाहून वर चढते आणि शहराचे पाणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून पंप लागतात. जुनी गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, तीही ओहोटी असताना. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर ही क्षमता दुप्पट करण्याच्या कामाला वेग आला आणि हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर वगैरे ठिकाणी मोठी उदंचन केंद्रे झाली. हिंदमातासाठी भूमिगत टाक्याही झाल्या. ही मोठी कामे नगरसेवकाच्या हातची नव्हेत, हे आपण समजून घेतले पाहिजे. पण पंपावर माणूस आहे का, डिझेल आहे का, हे मेच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन पाहणे आणि लोकांना सांगणे, हे त्याच्या हातचे आहे. गेल्या वर्षी ते पाहणारा लोकांचा माणूस कोणी नव्हता.

तिसरे पान आम्ही चटकन उलटले. लादीकरण, बाकडी, उद्यानातील रंगकाम आणि हळदीकुंकवाचे छायाचित्र. याबाबत आमचे मत कोणास कडू लागेल, पण बोललेच पाहिजे. नगरसेवक बाकडी का बसवतात? कारण आपण ती मागतो. वह्यावाटप मागतो, सहल मागतो, मंडळाला वर्गणी मागतो. आपल्या संस्थेच्या दारावरील पत्र्याच्या फलकावरसुद्धा एका माजी नगरसेवकाचे नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होते. तो फलक वाऱ्याने पडला म्हणून प्रश्न सुटला! गल्लीतील नळी बदलून द्या असे निवेदन आपण किती वेळा दिले? आम्ही संस्थेचे जावक रजिस्टर काढून पाहिले. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत एकदाही नाही.

वास्तविक या गोष्टी उपकार म्हणून मागण्याच्या नाहीत. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा आहे. त्याच्या ६१ व्या कलमात महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे दिली आहेत. गटारे बांधणे आणि साफ ठेवणे, सफाई, पाणीपुरवठा ही त्यांत येतात. ६३ व्या कलमात करता येतील अशी कामे आहेत. पहिली कर्तव्याची यादी, दुसरी ऐच्छिक. पत्रक वाचताना प्रत्येक काम कोणत्या यादीतले ते बघावे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर असे ठरवले की झोपडी अनधिकृत असली तरी तेथील माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आणि नगरपालिकेने कागदावर लिहिले म्हणजे झाले असे समजण्याची चूक आपण तरी करू नये. महाडची हकीकत येथे प्रत्येकाला पाठ आहे. पण ती नगरपालिकेच्या कारभाराची हकीकत म्हणून पुन्हा एकदा पाहा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादुर बोले यांचा ठराव संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या तळ्यावर अस्पृश्यांना मुभा देणारा ठराव केला. कागद तयार होता, सही होती, शिक्का होता. तीन वर्षे एकही माणूस त्या पाण्यापर्यंत पोहोचला नाही. २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळा लागताना, बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव पाण्याला लागला. आमच्या बँकेच्या भाषेत, धनादेश तीन वर्षे कपाटात होता, तो वटवायला माणसे चालत गेली. पुढे त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत झगडावे लागले. आज आपल्या गल्लीत तो प्रसंग नाही. पण लिहिलेले आणि झालेले यांमधील अंतर चालत जाऊनच मोजावे लागते.

म्हणून मागच्या रविवारी आम्ही चार विद्यार्थ्यांना घेऊन, पत्रक हातात धरून प्रभागात फिरलो. उन्ह फार होते, म्हणून सकाळी सातला निघालो. पत्रकात चौदा कामे होती. त्यांतील सहा खरोखर झालेली सापडली, आणि चांगली झालेली. सार्वजनिक शौचालयाची टाकी नवीन, झाडांच्या फांद्या छाटलेल्या, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तीन कामे अर्धवट होती. तीन कामे महापालिकेची नव्हतीच, एक म्हाडाचे आणि दोन रेल्वेचे. तरी छायाचित्र ताईंचे होते. ही खोड सर्व पक्षांची आहे. उरली दोन, ती सापडलीच नाहीत. एक म्हणजे भिंतीचे रंगकाम, ते न झाल्याने कोणाचे बिघडत नाही. दुसरे मात्र असे की, तिसऱ्या चाळीमागील मॅनहोलचे झाकण बदलले, असे छापले होते. आम्ही गेलो तर जुनेच झाकण, मधोमध तडा आणि त्यावर कोणीतरी वीट ठेवलेली. त्या वाटेने पालिकेच्या शाळेत जाणारी मुले रोज जातात. पावसात तेथे गुडघाभर पाणी साचते आणि वीट वाहून जाते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टन रोडजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतील एक नामवंत डॉक्टर गेले, ते आपल्याला आठवत असेल. ते स्वतःच्या घराकडे चालत जात होते.

आम्ही त्याच संध्याकाळी ताईंच्या कार्यालयात गेलो. मनात थोडी भीती होती, कारण नगरसेवकाचे चुकले असे तोंडावर सांगण्याची आपल्याला सवय नाही. बरोबरच्या विद्यार्थ्याने पत्रक पुढे ठेवून झाकणाचे काढलेले छायाचित्र दाखवले. ताई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, यादी मला खात्यातून आली. मी छापली. मी स्वतः जाऊन पाहिले नाही, ही माझी चूक." नंतर त्या असेही म्हणाल्या की हजारो पत्रके वाटली, परत घेऊन आलेले तुम्ही पहिलेच. बंधूंनो, हे ऐकून आम्हांस त्यांचा राग आला नाही, आपलीच लाज वाटली. त्यांनी आमच्यासमोर अभियंत्यांना दूरध्वनी केला. बुधवारी नवीन झाकण बसले, खाली संरक्षक जाळीही बसली.

नळीचा प्रश्न आम्ही काढला तेव्हा मात्र उत्तर तितके सोपे नव्हते. नळी बदलण्याचा प्रस्ताव गेला आहे, अंदाजपत्रक व्हायचे आहे, पावसाळ्यात रस्ता खोदावयास परवानगी नाही, म्हणजे दिवाळीनंतर. आम्ही म्हणालो, "ताई, हेच पत्रकात छापा. झाले नाही, अमुक कारणाने झाले नाही आणि अमुक महिन्यात होईल." त्या हसल्या. म्हणाल्या, "न झालेली कामे छापली तर विरोधक तेच पत्रक फिरवतील." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण आम्हांस असे वाटते की ज्या पत्रकात न झालेल्या कामांचे एकही वाक्य नाही, ते पत्रक अहवाल या नावास पात्र नाही. आमच्या पासबुकात खर्चाचा रकाना असतो म्हणूनच जमेच्या रकान्यावर लोकांचा विश्वास बसतो.

कोणी म्हणेल, हे सगळे काम संस्थेचे आहे का? कायद्याने पाहिले तर ते सर्वांचे आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि प्रभाग समित्या आल्या. २००९ मध्ये महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद झाली, म्हणजे गावात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा. ती कोठे भरलेली आपण पाहिली आहे का? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. आणि मतदान तर आहेच. मुंबईच्या महापालिकेत प्रौढ मतदानाने निवडणूक झाली ती प्रथम १९४८ मध्ये. त्याआधी मत होते ते कर आणि भाडे भरण्याच्या ऐपतीवर. आमचे आजोबा गिरणीत कामाला होते. १९४८ मध्ये ते मत देऊन आले तेव्हा बोटाची शाई दिवसभर पुसू देत नव्हते, असे आजी सांगे. शाई होती की नव्हती कोण जाणे, आजीच्या गोष्टीत होती.

आता कामाचे बोलतो. ३१ मेला अजून काही दिवस आहेत, पण गेल्या वर्षीचा अनुभव पाहता ती तारीख धरून बसण्यात अर्थ नाही. येत्या रविवारी सकाळी सात वाजता विहाराच्या पायरीवर जमावयाचे. दोघांनी नाल्याच्या काठाने जावयाचे, दोघांनी प्रत्येक मॅनहोलचे झाकण पाहून वहीत लिहावयाचे. मुलींनी आपापल्या मजल्यावर पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि पहिल्या पाण्याचा रंग कसा, हे आठ दिवस टिपून ठेवावयाचे. महिला मंडळाने हे काम अंगावर घ्यावे अशी विनंती आहे, कारण पहाटे नळाशी आम्ही पुरुष नसतो. नळीचे निवेदन तयार आहे, त्यावर संस्थेचा शिक्का आणि जावक क्रमांक आजच पडेल. पोच घेतल्याशिवाय निवेदन देऊन यावयाचे नाही, हे बँकेतील शहाणपण समजा. दिवाळी झाली की त्याच पोचपावतीची प्रत घेऊन पुन्हा जावयाचे.

जे विद्यार्थी गावी जाणार नाहीत त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. वही आणि पेन्सिली आम्ही आणू. टोप्या ज्याच्या त्याने आणाव्यात.